बुधवारचा रकाना

ज्या बाईंसाठी मी त्या दिवशी पहाटे पाच पन्नासला गुडघे टेकून आरोग्य मागितलं, त्या बाईंना जाऊन आठ महिने झाले होते. हे मला कळलं सकाळी अकराच्या सुमारास, त्यांच्या कवळीमुळे. मी दातांच्या दवाखान्यात मागच्या खोलीत काम करतो. पुढच्या खोलीत डॉक्टर लोकांना आ करायला लावून माप घेतात, ते माप माझ्याकडे येतं, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणाच्या हिरड्या करतो, त्यात दात लावतो, शिजवतो, घासतो, चकाकी आणतो. चौतीस वर्षं हेच. शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या दातांनी हसतात, असं डॉक्टर पेशंटना सांगतात, आणि मी ऐकू आलं नाही असं दाखवतो, कारण फुशारकी मारू नये हा माझा नववा नियम आहे आणि ती ऐकून सुखावणंही त्यातच येतं. तर त्या दिवशी मी कुणाच्या तरी खालच्या जबड्याचं मेण तासत होतो आणि टीचरचे मिस्टर पुढच्या खोलीत न थांबता थेट आत आले. टीचर म्हणजे आमच्या मंडळीच्या संडे स्कूलच्या टीचर. माझी मुलगी त्यांच्याकडे शिकली. मिस्टर वाळले होते, सदऱ्याची कॉलर मानेपासून चार बोटं लांब उभी होती. "ओळखलंत का?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणजे काय! बसा ना. टीचर कशा आहेत?" ते बसले नाहीत. खिशातून रुमाल काढला, माझ्या टेबलावर प्लास्टरचा चुरा होता तो हाताने बाजूला केला आणि रुमाल उलगडला. आत कवळी होती. माझीच. वरच्या डाव्या सुळ्याला मी मुद्दाम थोडा तिरकेपणा ठेवला होता, कारण टीचर म्हणाल्या होत्या की मुलांना माझा तिरका दात ओळखीचा आहे, तो सरळ केलात तर मुलं घाबरतील. "कपाट आवरताना मिळाली," मिस्टर म्हणाले. "टाकून देववत नाही. म्हटलं, कुणाच्या उपयोगी पडत असेल तर."

आणि मला वाईट वाटलं, ते वेगळ्याच गोष्टीचं. मला वाटलं, टीचरनी दुसरीकडून नवी कवळी करून घेतली. चौतीस वर्षांच्या हाताला कुणीतरी कमी लेखलं म्हणून माझे कान तापले. मी जरा तुटकच विचारलं, "का? ही टोचायला लागली का त्यांना?" मिस्टर माझ्याकडे बघत राहिले. थट्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं असावं, पण मी थट्टा करणारा माणूस नाही हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. "अहो," ते हळू म्हणाले, "तिला जाऊन आठ महिने झाले की." मी म्हटलं, "हो, हो. म्हणजे, तेव्हा म्हणतोय मी. शेवटी शेवटी." माझं तोंड हे आपोआप बोललं. मिस्टरांनी ते खरं मानलं, किंवा मानल्यासारखं केलं. "शेवटी हिरड्या फार नाजूक झाल्या होत्या," ते म्हणाले. "पण तुमची मुलगी होती म्हणून निभावलं हो. आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर, उजवीकडचं दार. चार महिने रोज दोन वेळा वर यायची. कवळी काढायची, धुवायची, पाण्यात ठेवायची, परत बसवायची. मला ते जमायचं नाही, मला शिसारी यायची. स्वतःच्या बायकोची, बघा. तिला नाही आली कधी. तुम्हाला सांगितलं असेलच तिने." "हो तर," मी म्हणालो. मिस्टरांना पुढे चष्मेवाल्याकडे जायचं होतं. ते गेले. रुमाल आणि कवळी माझ्याकडे राहिली. कवळी दुसऱ्या कुणाला बसत नाही, हे त्यांना सांगायचंही मी विसरलो.

दोनदा खोटं. तासाभरात दोन. पाचवा नियम, खोटं बोलू नये, त्याच्यापुढे बुधवारच्या रकान्यात एक फुली की दोन, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला, आणि तो आला याचीच मला भीती वाटली. बाई मेली आहे आणि हा माणूस फुल्या मोजतोय. तरी माझा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेलाच. तिथे माझं कार्ड असतं. जाड पुठ्ठ्याचं, पोस्टकार्डाएवढं, दर महिन्याला नवं आखतो. एका बाजूला बारा नियम आणि दिवसांचे रकाने. दुसऱ्या बाजूला प्रार्थनेची यादी, सतरा ओळी, प्रत्येक ओळीत एक माणूस आणि त्याच्यासाठी काय मागायचं ते. यादी फक्त वर्षाच्या पहिल्या दिवशी बदलते. मधेच बदलायला लागलो तर माणूस मनाला येईल त्याच्यासाठी प्रार्थना करू लागतो, आणि मन हे काय भरवशाचं आहे? अकरावी ओळ: टीचर, आजार बरा होवो. पुढे बारीक अक्षरात: माझ्यावरचा राग जावो. त्या ओळीसमोर आजची खूण होती. मी सकाळी केली होती, नीट, टोक केलेल्या पेन्सिलीने.

आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. मेलेला माणूस देवाच्या हाती गेला, आता आपण मधे तोंड घालायचं नाही, अशी आमची शिकवण. आठ महिने म्हणजे साधारण दोनशे चाळीस दिवस. दोनशे चाळीस वेळा मी नियम मोडला होता, नियम पाळून. मी पेन्सिल उचलली आणि अकरावी ओळ खोडायला गेलो, तर आठवलं की यादी आज बदलता येत नाही. पेन्सिल हवेत राहिली. उद्या पहाटे पाच पन्नासला ती ओळ येणार, तेव्हा काय करायचं? दहावीवरून बारावीवर उडी मारायची? आणि उडी मारली तर रकाना रिकामा ठेवायचा की आडवी रेघ द्यायची? खोलीत प्लास्टरचा आणि जळक्या मेणाचा वास होता. पुढे डॉक्टर कुणाला तरी "चूळ भरा" म्हणत होते. मी एका प्रौढ माणसाचा मेंदू घेऊन त्या स्टुलावर बसलो होतो आणि आडव्या रेघेचा विचार करत होतो. मला ओरडावंसं वाटलं. ओरडलो नाही. मी कधीच ओरडत नाही, सहावा नियम.

मग आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती आठवली नसती तर बरं झालं असतं. साधारण तेवढ्याच दिवसांपूर्वीची एक उपासना. पाळक वर उभे राहून सूचना वाचत होते. सूचना मी ऐकत नाही. तो वेळ मी वाया घालवत नाही. सकाळी यादी घाईत झाली असेल तर सूचनांच्या वेळी ती पुन्हा मनात म्हणतो. त्या दिवशी सगळे उभे राहिले, म्हणून मीही राहिलो. एक मिनिट शांतता होती. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. शांतता छान होती, एक खुर्चीही वाजली नाही, आणि मला चांगलं आठवतं की ती संपताना मी अकराव्या ओळीवर होतो. टीचर, आजार बरा होवो. अख्खी मंडळी त्यांच्या मरणासाठी उभी होती आणि त्यांच्यात उभा राहून मी त्यांची तब्येत मागत होतो. बसताना मला समाधान वाटलं होतं, बराच पल्ला मारला म्हणून.

हे कार्ड काही कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नाही. ते मी स्वतः केलं, बावीस वर्षांचा असताना, आणि कशासाठी केलं हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. या खोलीत मला वर्ष झालं होतं. एका दुपारी मी कुठल्याशा माणसाच्या वरच्या ओळीत पुढचा दात लावत होतो. तो माणूस मी पाहिलाही नव्हता, फक्त त्याच्या तोंडाचा ठसा समोर होता, झिजलेल्या हिरड्या, टाळूवरच्या वळ्या. आणि एकाएकी मला त्या तोंडाबद्दल इतकं प्रेम वाटलं की हातातला चाकू खाली ठेवावा लागला. या तोंडाने काय काय मागितलं असेल, कुणाला शिव्या दिल्या असतील, कुणाच्या पायाशी रडलं असेल. तेवढ्यात वाटलं, माझ्याकडेही असंच कुणीतरी बघतंय. मी न दाखवता. माझ्या सगळ्या झिजलेल्या जागांसकट. मी रडलो, पण दुःखाने नव्हे. मी प्रार्थना केली नाही, प्रार्थनाच मला करत होती म्हणा. संध्याकाळी रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला आपला वाटला, तिरसट कंडक्टरसुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी उठलो तर काही नाही. रिकामं. तिसऱ्या दिवशीही रिकामं. चार दिवस मी वेड्यासारखं ते शोधलं, आणि मग कारागिराच्या अकलेने विचार केला: त्या दिवशी मी काय काय केलं होतं? तेच परत केलं तर तेच परत येईल. मी कागदावर लिहून काढलं. त्या दिवशी नळाचं पाणी लवकर आलं म्हणून साडेपाचला उठलो होतो. पहिला नियम, साडेपाचला उठणे. लिफ्ट बंद होती म्हणून चार जिने चढलो होतो. तिसरा नियम, लिफ्ट वापरू नये. बसथांब्यावर एका बाईला छत्री देऊन टाकली होती. चौथा नियम, रोज अनोळखी माणसाला काहीतरी द्यावे. डबा घरी राहिला होता म्हणून दुपारी जेवलो नव्हतो, आणि वार बुधवार होता. सातवा नियम, बुधवारी दुपारी जेवू नये. लोक मला विचारतात, तुमचा बुधवारचा उपास कशासाठी? प्रभूच्या कुठल्या दुःखाची आठवण? मी गंभीर चेहरा करतो. डबा विसरलो होतो हे कसं सांगणार?

ते काही परत आलं नाही. तोंड निघून गेलं आणि ठसा हातात राहिला. पण ठसा इतका सुबक होता की लोक तो बघायला यायचे. मंडळीत मला मान मिळाला, तरुणांना माझं उदाहरण दिलं जाऊ लागलं, मग मला सेक्रेटरी केलं. आणि सेक्रेटरी होतो म्हणून सहा वर्षांपूर्वी ती वेळ आली. मंडळीबाहेर लग्न करणाऱ्याचं नाव सभासदांच्या पटावरून कमी करायचं, आणि ते सेक्रेटरीने उपासनेत वाचून दाखवायचं, असा नियम. त्या वर्षी तीन नावं होती. त्यातलं मधलं माझ्या मुलीचं. पाळक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही नका वाचू. मी वाचतो, किंवा नुसतं नोंदवून टाकू." मी म्हटलं, "नियम सगळ्यांना सारखा." उभा राहिलो, तिन्ही नावं वाचली, एकाच आवाजात, मधल्या नावाला आवाज हलू दिला नाही. नंतर लोकांनी माझा हात हातात घेतला, एकदोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला बरं वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा खरं लिहितो, मला बरं वाटलं. त्या दिवशीचा रकाना भरताना एकही फुली नव्हती. मुलगी आधीच घर सोडून गेली होती. माझी बायको पहिल्या बाकावर बसून होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. आणि टीचर एकट्या उठल्या, मधल्या वाटेने चालत दाराशी गेल्या, मी बाहेर येईपर्यंत तिथे थांबल्या, आणि म्हणाल्या, "काय हो सेक्रेटरी, प्रभूने तुम्हाला मुलगी दिली होती, की पटावरची ओळ?" त्यानंतर त्या आमच्या चर्चला आल्या नाहीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी मी त्यांना अकराव्या ओळीत घातलं. मुलगी चौथ्या ओळीत आहे. मुलगी, सुबुद्धी होवो. पाच पन्नास ते सहाच्या मधे, रोज, सहा वर्षं. तिचा पत्ता मला माहीत नव्हता. कधी विचारला नाही, कारण देवाला पत्ता लागत नाही.

साडेबारा वाजले. समोर रुमालात कवळी. मी ती उचलून बोटांत फिरवली, आतली बाजू अंगठ्याने चाचपली. नवी दिली तेव्हा टीचर या स्टुलासमोर उभ्या होत्या, ओठ आवळून, नव्या दातांनी अवघडलेल्या. मी सगळ्यांना सांगतो तेच त्यांना सांगितलं होतं, "आठवडाभर तोंडात दगड ठेवल्यासारखं वाटेल. सारखी जीभ तिकडे जाईल. मग एक दिवस तुम्ही विसराल की तोंडात काही आहे. ज्या दिवशी विसराल, त्या दिवशी ती बसली असं समजा." टीचर बोबड्या हसल्या आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मग तुमचं ते कार्ड अजून बसलेलं दिसत नाही. दर पाच मिनिटांनी चाचपता." मला राग आला होता. मी तो गिळला आणि त्याची वेगळी खूण केली.

जावं का? कवळी परत करायला तर जावं लागेल, मिस्टरांची वस्तू आहे. तळमजला, उजवीकडचं दार. मी उठलो, सदरा झटकला आणि परत बसलो. गेलो तर कशासाठी गेलो? आजपर्यंत गेलो नाही ते चूक म्हणून? मग रोज जावं लागेल. रोज नाही तर निदान दर बुधवारी, दुपारी मी तसाही मोकळा असतो. तेरावा नियम, बुधवारी मुलीकडे जावे. आणि हे वाक्य मनात तयार झालं, व्यवस्थित, क्रियापदासकट. मी कार्ड फाडायचं ठरवलं. ठरवताक्षणी दिसलं की उद्यापासून मी 'आज कार्ड वापरलं नाही' याची खूण कुठेतरी करणार. जिथून बाहेर पडायला बघावं, त्या दारावरही माझ्याच अक्षरात सूचना लावलेली. बायकोच्या माहेरी एक बिघडलेलं घड्याळ होतं, किल्ली दिली की पाच मिनिटं चालायचं आणि थांबायचं. ती म्हणते, तुम्ही तसे नाही, तुम्ही किल्ली न देता चालता, म्हणून तुम्हाला थांबवता येत नाही. मी प्रार्थना करायला डोळे मिटले. समोर यादी आली. पहिली ओळ, बायको, पाठदुखी. दुसरी ओळ. तिसरी. चौथ्या ओळीवर मी अडखळलो. सुबुद्धी होवो. जी चार महिने दिवसातून दोनदा एका परक्या बाईच्या तोंडात हात घालत होती तिला. आणि मागणारा कोण, तर मी. मी डोळे उघडले. प्रभू, असं म्हणालो फक्त, आणि पुढे काही आलं नाही. तो शब्द उघडा पडून राहिला.

डॉक्टरांना मी म्हटलं, तासाभरात येतो. त्यांनी चमकून पाहिलं, चौतीस वर्षांत मी दुपारी बाहेर पडलो नव्हतो. जिना उतरताना पायऱ्या मोजत होतो, नेहमीच मोजतो, अठ्ठ्याऐंशी. रस्त्यावर ऊन होतं. दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती, एक माणूस फुटपाथवर खुर्ची टाकून झोपला होता, तोंड उघडं, खालचे दोन दात गेलेले. त्याच्याकडे बघून मला काहीच वाटलं नाही, आणि काही वाटावं म्हणून मी थांबलो, तर ते जास्तच कोरडं झालं. मिस्टरांची बिल्डिंग मला माहीत होती, टीचर आजारी पडल्यावर कधीतरी भेटायला जायचं म्हणून पत्ता लिहून ठेवला होता. पंचवीस मिनिटांचा रस्ता. सहा वर्षं माझी मुलगी पंचवीस मिनिटांवर राहत होती. मी रुमाल मुठीत धरला होता; खिशात ठेवला तर कार्डाशेजारी ठेवावा लागला असता, आणि ते मला नको होतं, का ते सांगता येणार नाही. दाराशी आलो. उजवीकडचं दार. बाहेर दोन जोडी चपला होत्या. एक जोडी ओळखीची होती, डाव्या चपलेचा अंगठा मी स्वतः शिवून आणला होता.

मी बेल वाजवली नाही. दार लोटलेलंच होतं, आणि आतून माझ्या बायकोचं हसणं येत होतं. हे हसणं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मला वाटलं परत फिरावं. बुधवार! मी बुधवारी जेवत नाही, तिला स्वयंपाक नसतो, ती मोकळी असते. सहा वर्षांचे सगळे बुधवार माझ्या डोळ्यांपुढून गेले, मी स्टुलावर उपाशी, आणि ती इथे. माझ्या उपासाने या घरात एवढं तरी पिकलं होतं, आणि ते मला ठाऊकही नव्हतं. मला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की बरं झालं, कुणीतरी येत होतं. दार कुणी उघडलं ते कळलं नाही. मुलगी समोर होती. जाड झाली होती जराशी. कपाळावर आठी, माझीच. लहानपणी ती मला अरे-तुरे करायची, माझी आई त्यावरून बोलायची. ती म्हणाली, "या." मग माझ्या मागे बघितलं, आणखी कुणी आहे का म्हणून. "काही झालंय का?"

मी मूठ पुढे केली. तिने रुमाल घेतला, उलगडला, आणि एकदम ओठ मिटले. मग ती आत गेली, नळ सोडला, कवळी पाण्याखाली धरली. मी दारातून बघत होतो. अंगठा टाळूच्या बाजूने फिरवला, मग तिरक्या सुळ्याच्या मागून, मग उलटी करून बाहेरून, जिथे अन्न अडकतं नेमकं तिथून. ती धूत होती ती कवळी मेलेल्या बाईची होती आणि आठ महिने कोरडी होती. धुवायचं कारण नव्हतं. तिच्या हाताला ते माहीतच नव्हतं. एक काचेचा वाडगा फळीवर होता, तो तिने न बघता काढला, पाणी भरलं, कवळी त्यात सोडली आणि पदराला हात पुसले. तेव्हा तिला जाग आल्यासारखं झालं. वाडग्याकडे बघून म्हणाली, "बघ ना आई, मी काय केलं." आणि डोळे पुसले. मी हाताचा माणूस आहे, मला हातातलं कळतं. त्या हाताला कुणी नियम सांगितला नव्हता. बाविसाव्या वर्षी मी जे एक दुपार पाहिलं आणि पुठ्ठ्यावर पकडायला गेलो, ते इथे नळाखाली उभं होतं, रोज दोन वेळा, माझ्या पटावरून कमी केलेलं.

"तुम्हाला सांगितलं होतं मी, टीचर गेल्याचं," बायको टेबलापाशी बसूनच म्हणाली. तिने लपायचा प्रयत्न केला नाही, मला हे आवडलं. "दोनदा सांगितलं. तुम्ही आत वाचत होतात. दाराबाहेरून सांगितलं. तुम्ही 'हं' म्हणालात." मी म्हटलं, "हं." आणि ती हसली, आणि मग मलाच कळलं मी काय म्हटलं ते. काहीतरी विचारावं, काहीतरी खरं, म्हणून मी विचारलं, "तुझी पाठ कशी आहे?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पाठ?" बायको म्हणाली. "कुठली पाठ? अहो, ती हिच्या दहावीच्या वर्षी दुखत होती. कधीच राहिली." चौदा वर्षं. पहिली ओळ. मला हसू आलं. मी तिथल्या खुर्चीवर बसलो, कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"मी तुझं नाव वाचलं होतं," मी मुलीला म्हणालो. सहा वर्षांत हे वाक्य मी एकदाही मनात तयार केलं नव्हतं, म्हणून ते निघालं असेल. "माहितीये," ती म्हणाली. "टीचर सांगायच्या. म्हणायच्या, आवाज हलला नाही तुमचा." "नाही हलला." "मग आता काय करू मी? त्यावर?" ती चिडून म्हणाली, आणि तिचं बरोबर होतं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागायला तोंड उघडलं आणि नववा, सहावा, पाचवा, सगळे नियम तोंडापर्यंत येऊन गर्दी झाली. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, भांड्यात डाव घालून. मला वाटलं आता ती म्हणेल, जा. मी जायला तयार होतो, आणि जायला नको असंही होतं, आणि खुर्चीला हात धरून बसलो होतो.

तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. आदळलं म्हटलं तरी चालेल. गरम भात, वर तळलेलं अंडं, बाजूला मीठ. लहानपणी आजारी पडली की मी तिला हेच करून द्यायचो, मला एवढंच येतं. बायकोने चटकन मान वर केली, तिच्या ओठांवर 'अगं, त्यांचा बुधवार' आलं ते मी पाहिलं, आणि तिने ते परत आत घेतलं. भाताची वाफ चष्म्यावर आली. मला काही दिसेना. मला एवढंच कळत होतं की मला भूक लागली आहे, फार जुनी, आणि हा भात माझ्या मुलीने शिजवला आहे. अंडं फुटलं, पिवळं भातात उतरलं. मी घास घेतला, मग आणखी एक, जरा मोठाच. भात चांगला होता. थोडा चिकट, पण चांगला.

मग लक्षात आलं की टेबलावर आवाज फक्त माझाच आहे. चष्मा पुसून पाहिलं. त्या दोघी माझ्या दोन बाजूंना बसल्या होत्या, ताटांना हात न लावता, हात जोडून, माना खाली. आमच्या घरात प्रार्थनेआधी कुणी चमचा उचललेला नाही, कधी नाही. ती चार वर्षांची असताना एकदा घाईने घास घेतला म्हणून मी तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं होतं, जेवण गार होईपर्यंत. त्या माझी वाट बघत होत्या. प्रार्थना मीच म्हणायची असते. मुलीने एक डोळा उघडला. माझ्या गालाकडे बघितलं, ताटाकडे बघितलं.

"पप्पा, प्रार्थना?"

मी घाईने हात जोडले. हातांना भात लागला होता. रोजचे शब्द, चाळीस वर्षांचे, शोधले, आणि एकही सापडेना. घास गालात, डोळे वाहायला लागलेले, आणि मी तोंड उघडून तसाच बसलो. कुणीतरी हसलं, की रडलं. मग तिचा हात माझ्या पाठीवर आला आणि दोनदा थोपटला.

"असू दे रे पप्पा," ती म्हणाली. "गिळ आधी."